डोंगर न बघितलेल्या तुळजक्का

राजवाड्याचा मनोरा सोडला, तर तंजावुरात उंच म्हणावी अशी गोष्ट एकच, मोठ्या देवळाचं शिखर. बाकी सगळा मुलूख दोशाच्या तव्यासारखा सपाट. भात, कालवा, नारळ, पुन्हा भात. दिवसभर सायकल हाणलीत तरी एकदाही उतरून ढकलावी लागायची नाही. त्यामुळे आमच्या मुलींच्या शाळेत भूगोलाच्या पेपरात डोंगराची आकृती काढायला आली, की निम्मा वर्ग त्रिकोण काढायचा आणि त्याच्या टोकावर कळस बसवायचा. एकीनं पायथ्याशी नंदीसुद्धा काढला होता. हे पेपर तुळजक्का तपासायच्या आणि पुरे मार्क द्यायच्या, कारण नंदी सोडला तर आकृती त्यांच्याच फळ्यावरून उतरवलेली असायची.

मी त्या शाळेत गणित शिकवायला लागले ती पन्नास-साठच्या मधली वर्षं. तुळजाबाई तेव्हा चाळिशी कधीच ओलांडून गेलेल्या, पण त्यांना तुळजाबाई कोणी म्हणत नसे. शाळेत, बाजारात, देवळात, बसच्या कंडक्टरलाही त्या तुळजक्काच. ठेंगण्या, गोल, नऊवारीचा कासोटा घट्ट मारलेला, काखेत छत्री आणि हातात झाकणाचा पितळी कूजा. कूज्यात फिल्टरची काफी. ती त्या कुणालाही देत, फक्त आधी त्यांच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. तुंगभद्रा कुठं उगम पावते हे सांगता आलं नाही म्हणून पोस्टमन काफीवाचून परत गेलेला मी पाहिला आहे.

त्यांचं बोलणं सगळं दिशांत चाले. आमच्याकडे घराघरांत थोडंफार तसं असतंच, पण अक्कांनी त्याची हद्द केली होती. “पूर्वेकडचं पातेलं दे,” “तुज्या पदराचं वायव्य टोक सुटलंय.” नवरा कचेरीतून निवृत्त झालेला होता. त्याची चौकशी केली, की “दक्षिणेच्या खोलीत अहांत” एवढंच उत्तर मिळे. आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या लेखी ‘चोखट’ असे. काफी चोखट, परीक्षेचा निकाल चोखट, पाय मुरगळला तर “चोखट जालं, आता दोन दिवस बसून वाचीन.” लग्नानंतर मी मदुरेला एका पुणेरी शेजारणीकडून छापील मराठी शिकले, म्हणून हे लिहू शकते आहे. अक्कांची मराठी मात्र शेवटपर्यंत तंजावरीच राहिली, आणि तिला कोणी नावं ठेवलेली त्यांना खपत नसत.

तर एके दिवशी वर्गात रुक्मिणी नावाच्या एका शहाण्या मुलीनं विचारलं, टीचर, डोंगरावर कळस खरोखरच असतो का, की तो माणसांनी नंतर बसवलेला असतो? वर्ग हसला नाही, कारण कोणालाच उत्तर माहीत नव्हतं. मी शेजारच्या वर्गात होते. भिंतीपलीकडून अक्कांचा अखंड चालणारा आवाज एकदम थांबला, तेव्हा मी दारातून डोकावले. त्या खडू हातात धरून फळ्यावरच्या त्रिकोणाकडे बघत उभ्या होत्या.

“मज माहीत नाही, रुक्कू,” त्या म्हणाल्या. “मी डोंगर बघिटलाच नाही. आता बघिटल्यावरच काढीन.”

त्रिकोण पुसला तो पुसलाच. वीस वर्षं हिमालयापासून अँडीजपर्यंत सगळं पोरींच्या गळी उतरवलेल्या बाईनं त्या दिवसापासून फळ्यावर डोंगर काढणं बंद केलं. मैदानं, नद्या, वारे, सगळं पूर्ववत चालू. डोंगराचा धडा आला, की फळ्याच्या मधोमध एक मोकळी जागा ठेवून भोवती नावं लिहायच्या. हेडमिस्ट्रेसबाईंनी दोनदा बोलावून समजावलं. अक्का म्हणाल्या, मला डोंगर दाखवा, मी काढते. आमच्या हेडमिस्ट्रेसबाई भित्र्या, पण मनानं वाईट नव्हत्या. शेवटी मे महिन्याच्या सुटीत वरच्या वर्गातल्या मुलींचा चार दिवसांचा कॅम्प न्यायला त्यांनी परवानगी दिली. अटी दोनच. मी बरोबर जायचं, आणि पालकांकडून एकही तक्रार येता कामा नये. आली तर पहिला कॅम्प तोच शेवटचा.

जागा ठरली पळणीच्या डोंगरांत. घाटाच्या मध्यावर बस सोडायची आणि जंगलातून पायवाटेनं चालत जायचं. तिथे जंगलखात्यानं झाडीत थोडं रान साफ करून ठेवलं होतं. दगडांच्या चुली, झऱ्याला लावलेली बांबूची पन्हळ, तट्ट्या लावलेला आडोसा, आणि वर टेकाडावर गार्डची पत्र्याची झोपडी. बस, यापलीकडे काही नाही. दुकान नाही, दिवा नाही, माणूस नाही. अक्कांना हे ऐकूनच भरतं आलं.

पालकांनी मुली दिल्या, पण मुलींबरोबर स्वयंपाकघरंही दिली. बाहेरचं खायचं नाही, परक्या भांड्यातलं तर मुळीच नाही. सोवळं, म्हणजे आमच्या भाषेत मडी, डोंगरावरही सुटता कामा नये. म्हणून काशाचं भाताचं पातेलं आलं, इडलीचं भांडं आलं, लोणच्याच्या बरण्या आल्या. आणि इडलीचं पीठ वाटायचं तर हवंच म्हणून दोन हमालांच्या डोक्यावरून आट्टुक्कल आला. आट्टुक्कल म्हणजे आमचा मोठा काळा रगडा, खाली दगडाची उखळी आणि तिच्यात फिरणारा दगडी वरवंटा. जंगलातला गार्ड मुनियांडी आम्हाला घ्यायला पायवाटेवर आला होता. हाडकुळा, तोंडात विडा, बोलणं मोजकं. त्यानं तो रगडा बघितला, हमालांकडे बघितलं, मग अक्कांकडे बघून तमिळमध्ये म्हणाला, की डोंगरावर दगड घेऊन येणारी माणसं मी आज पहिल्यांदा पाहतोय. अक्का त्यावर इतक्या हसल्या, की वाटेतच खाली बसल्या.

पण डोंगर काही त्यांना दिसला नव्हता. पायथ्याच्या स्टेशनावर आमची गाडी पोचली ती पहाटेच्या अंधारात. बसमध्ये बसलो आणि पहिल्याच वळणाला अक्कांना घाट लागला. सपाटीवरचं माणूस ते, वळण म्हणजे काय ते पोटाला माहीतच नव्हतं. नाकाशी लिंबू धरून, डोळे गच्च मिटून, डोकं माझ्या मांडीवर टाकून त्या वर पोचल्या. तोवर उजाडलं होतं आणि मुली खिडकीतून ओरडत होत्या, टीचर बघा, टीचर बघा! टीचर म्हणत होत्या, तुम्ही बघा, मज मागाहून सांगा. आणि बस सोडून चालायला लागलो ते थेट झाडीतच. चहूकडे खोडं, वेली, पाला. अक्का कासोटा सावरत दर थोड्या वेळानं मुनियांडीला विचारत, डोंगर कुठं आहे?

“अम्मा, तुम्ही त्याच्यावरच चालताय,” तो म्हणे.

दिशांचाही तिथे बोजवारा उडाला. सूर्य झाडांआड, वाट सारखी वळणारी. “पूर्वेकडची पिशवी घे” म्हणताना अक्का बोट वर करून अडखळायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की या मुलखात दिशा दोनच, वर आणि खाली. मग सगळा कारभार तसा सुरू झाला. “ती वरची चटणी खाली दे.” मुली हसून हसून लोळत. मोकळ्या रानात कोण हसतंय ते बघायला शेजारीपाजारी नाहीत, आई नाही, मावशी नाही. या मुली इतक्या मोठ्यानं हसू शकतात हे आम्हालाच माहीत नव्हतं. एकीला शिट्टी वाजवता येते हे कळलं, तर दुसरी झाडावर चढून बसली आणि उतरायलाच तयार होईना.

तिसऱ्या दिवशी माथ्यावर जायचं ठरलं होतं. वर झाडी संपते, गवताचा उघडा माथा लागतो आणि तिथून सगळा डोंगर दिसतो, असं मुनियांडीनं सांगितलं होतं. अक्कांचे प्राण त्या माथ्याकडे लागले होते. पण मध्ये दुसरा दिवस होता.

साफ केलेली जागा खडबडीत होती, मुळं टोचत. खाली ओढ्याचं कोरडं पात्र होतं, पांढऱ्या वाळूचं, मऊ आणि सपाट. सपाट जागा दिसली आणि आम्हा तंजावरकरांचा जीव सुखावला. उन्हाळ्यात कावेरी आटली, की अख्खं गाव संध्याकाळी नदीच्या वाळूत जाऊन बसतं. तिथेच चित्रान्न खायचं, तिथेच झरे खणून पाणी प्यायचं. अक्कांनी तंबू, चूल, रगडा, सगळं वाळूत उतरवलं. मुनियांडीनं हटकलं, की इथे बसू नका, वर पाऊस झाला तर पाणी येतं. अक्कांनी त्याला खुळ्यात काढलं. त्यांचं म्हणणं असं, की नदी काय न सांगता येते होय? मेट्टूरचं धरण उघडायचं असलं की आधी पेपरात येतं. मग मेळ, म्हणजे वाजंत्री, वाजवत लोक काठावर जातात, नंतर पाणी येतं. कावेरीकाठच्या माणसाला तू नदी शिकवतोस?  मुनियांडी काठावरच्या खडकावर जाऊन बसला आणि तिथून हललाच नाही.

दुपारी आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. दूर वरच्या रानात थोडं गडगडलं, तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. दोघी रगड्यावर पीठ वाटत होत्या. आणि पात्राच्या वरच्या वळणावर पाण्याची एक जीभ दिसली. तपकिरी, फेसाळ, पुढे वाळका पाला ढकलत येणारी. अगदी जूनमध्ये कावेरी येते तशी. मग आमच्या मुलींनी काय करावं? पळावं? छे. जन्मापासून जे करत आल्या तेच केलं. नवं पाणी आलं, नवं पाणी आलं म्हणत त्या त्याच्याकडेच धावल्या. कोणी हात जोडले, कोणी वेणीतलं फूल काढून टाकलं, रुक्मिणी तर वाळूत डोकं टेकायला वाकली. मीही दोन पावलं पुढे झालेच होते.

मुनियांडी खडकावरून ओरडत खाली उतरला. अक्कांनी त्याच्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि मी आयुष्यात तेवढ्या एकदाच त्यांचा चेहरा पांढरा झालेला पाहिला.

“लेंकरं अस्की, सगळी वर!” त्या ओरडल्या. “नमस्कार मागाहून!”

छत्रीच्या मुठीनं त्या एकेकीला मानेला धरून ओढत होत्या. मुनियांडीनं दोघींना उचलूनच काठावर टाकलं. रुक्मिणीला अक्कांनी वेणी धरून वर काढलं. शेवटची मुलगी चढली आणि पाणी तंबूत शिरलं. मग आम्ही काठावर उभं राहून आमचा संसार जाताना बघितला. काशाचं पातेलं डुलत डुलत निघालं, त्यामागे इडलीचं भांडं, त्यातून ताटल्या निसटून एकामागून एक. बरण्या गेल्या, तंबू गेला, कूजा सुद्धा गेला. रगडा तेवढा जागचा हलला नाही. पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जात राहिलं.

अक्कांनी मुली मोजल्या. पुन्हा मोजल्या. सगळ्या होत्या. मग मुनियांडीला हात जोडून म्हणाल्या, चुकलं माझं, नदी मला येत नाही. काफी देताना कुणाचीही परीक्षा घेणारी ती बाई सगळ्या मुलींदेखत स्वतः नापास झाली, आणि तेही अगदी सरळपणे.

आता प्रश्न पोटाचा. दाणा उरला नव्हता. मुनियांडीनं सांगितलं, की आज माझ्याकडे जे आहे ते खा आणि सकाळी खाली उतरा. माथा वगैरे काही नाही. त्याच्या मडक्यात नाचणीचं कूळ होतं, ताकातली गार पेज. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. परकं घर, परकं मडकं, मातीचं. ही एक तक्रार घरी गेली, की कॅम्प कायमचा बंद, हे प्रत्येकीला ठाऊक होतं आणि अक्कांना सर्वांत जास्त. त्यांनी मडक्याकडे बघितलं, मुलींच्या सुकलेल्या तोंडांकडे बघितलं.

“मडी ओढ्यात वाहून गेली,” त्या म्हणाल्या, आणि पहिली वाटी स्वतः तोंडाला लावली. “चोखट अहे. या.”

त्या पेजेसारखं चविष्ट मी नंतर काही खाल्लं नाही. वर मिरची आणि कांदा. मुली मागून मागून प्यायल्या. मडकं रिकामं झाल्यावर अक्का मुनियांडीशी घासाघीस करायला बसल्या. सकाळी उतरू, पण आधी माथा. तो नाही म्हणाला. अक्का म्हणाल्या, मी वीस वर्षं पोरींना खोटा डोंगर शिकवला आहे, मला खरा दाखव. त्यानं विडा थुंकला आणि म्हणाला, पहाटे निघू.

त्या चढणीचं काय सांगू? आमच्या पोटऱ्यांना चढ म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. मुली थोडं चढायच्या, पोटऱ्या धरून बसायच्या, एकमेकींच्या पोटऱ्या दाबायच्या आणि पुन्हा हसत सुटायच्या. अक्का छत्री टेकत, धापा टाकत सगळ्यांच्या मागे. झाडी संपली, गवत लागलं, आणि माथ्यावर पोचलो तेव्हा तिथे धुकं होतं. असं दाट, की शेजारच्या मुलीची वेणी दिसे, तोंड दिसत नसे. आम्ही वाट बघितली. धुकं हललं नाही. मुनियांडी म्हणाला, आता निघायला हवं, बस चुकेल.

मला वाटलं आता या रडतील. अक्का ओल्या गवतावर बसल्या होत्या, पोटऱ्या चोळत. म्हणाल्या, “दिसत नाही ग. पण पायाला कळूंलाला.” म्हणजे पायाला कळतोय. आणि त्या हसायला लागल्या. मग धुक्यात कुठून कुठून मुलींचं हसू ऐकू येऊ लागलं, माणसं न दिसता नुसतं हसणं.

उतरताना पावसामुळे बसचे कॅनव्हासचे पडदे खाली सोडलेले होते. स्टेशनावर पोचलो तर सगळ्या दिशांना ढग. रगडा वरच राहिला, तो कोण उतरवणार? पुढे अक्का अभिमानानं सांगत, की आमचा एक दगड डोंगरावर आहे.

घरी गेल्यावर पेजेची गोष्ट फुटलीच. तक्रार एक नाही, सातआठ आल्या. मडीची, पुराची, शिट्टीचीसुद्धा. हेडमिस्ट्रेसबाईंनी कॅम्प बंद केला. अक्कांनी एका शब्दानं वाद घातला नाही. फक्त फळ्यावरची ती जागा मोकळीच राहिली. डोंगरावर जाऊन आलात ना, मग काढा आता, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, जाऊन आले, बघितला कुठं? मी नुसती त्याच्या अंगावर चढून आले.

पण शिकवायचं तर होतंच. मग त्यांनी नवी तऱ्हा काढली. डोंगराचा धडा आला, की वर्ग घेऊन राजवाड्याच्या मनोऱ्यापाशी जायच्या आणि मुलींना जिन्यावरून वर-खाली पळवायच्या, पोटऱ्या भरून येईपर्यंत. मग खाली बसवून सांगायच्या, आता पोटरी काय म्हणूंलाली ते लिहा, तो डोंगर. एकदा इन्स्पेक्टर वर्ग तपासायला आले. जाडजूड गृहस्थ, घडीदार अंगवस्त्र. अक्कांनी त्यांनाही चढवलं. खाली आल्यावर घाम पुसत त्यांनी विचारलं, फळ्यावर आकृती का नाही? अक्कांनी शांतपणे त्यांच्याच पोटरीकडे बोट दाखवलं. इन्स्पेक्टरांनी शेरा चांगला दिला, पण परत कधी त्या वर्गावर आले नाहीत.

मग माझं लग्न झालं, मी मदुरेला गेले. साठ सालानंतरच्या वर्षांत शाळेला नव्या हेडमिस्ट्रेसबाई आल्या, तरुण आणि धीट. अक्कांच्या निवृत्तीच्या वर्षी त्यांनी विचारलं, काय देऊ तुम्हाला? अक्का म्हणाल्या, कॅम्प होणं, म्हणजे कॅम्प हवा. रुक्मिणी आता त्याच शाळेत शिक्षिका होती. तीच मुलींना घेऊन निघाली, आणि मला निरोप आला तशी मी मदुरेहून थेट वर जाऊन मिळाले.

मुनियांडीचे केस पिकले होते. त्याची बायको रगड्यावर चटणी वाटत होती. पुरानंतर त्यानं तो काठावर आणून पक्का रोवला होता. या खेपेला तंबू खडबडीत जागेवर लागले, मुळं टोचली, कोणी कुरकुरलं नाही. पहिल्या दिवशीची पेज त्याच्याच मडक्यातली. मुलींना घरूनच परवानगी होती, काळ तेवढा बदलला होता. माथ्यावर मात्र अक्का जाऊ शकल्या नाहीत. गुडघे संपले होते. मुली वर जाऊन आल्या आणि आज किती लख्ख दिसत होतं ते सांगत सुटल्या. अक्का ऐकत होत्या. “चोखट,” म्हणाल्या, पण हळू.

उतरताना पुन्हा घाट, पुन्हा लिंबू, डोळे मिटलेले, डोकं माझ्या मांडीवर. मी केसांवरून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, या बाईच्या नशिबात डोंगर नाहीच.

स्टेशनावर माझी मदुरेची गाडी आधी येणार होती, त्यांची तंजावूरची मागून. अक्का बाकावर मान टाकून पडल्या होत्या. गाडी आली, मी घाईत चढले, सामान लावलं आणि खिडकीशी आले. मुली ओळीनं उभ्या राहून हात हलवत होत्या, रुक्मिणीही. अक्का त्यांच्यात नव्हत्या. बाकही रिकामा होता.

गाडी हलली तेव्हा मला त्या दिसल्या. प्लॅटफॉर्मच्या टोकाला, एका ट्रंकेवर चढून, माझ्याकडे पाठ करून उभ्या. त्यांच्यासमोर शेतांपलीकडे सगळा डोंगर उभा होता, निळा, लांबच लांब, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ना त्रिकोण, ना कळस. त्यांनी उजवा हात वर केला होता. मला वाटलं मला निरोप देतायत. पण बोट हळूहळू सरकत होतं, उंचावत, उतरत, पुन्हा उंचावत. त्या हवेत त्याची कड काढत होत्या.

हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. मारली नाही. रेघ अर्धीच झाली होती.